पीव्हीडीएफ 'केमिकल रेझिस्टंट' असतं, मग फायबर तपकिरी का पडले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसला आम्ही पीव्हीडीएफ हॉलो फायबरचे यूएफ मॉड्यूल जोडून दिले. चार महिने छान चालले. मग फायबर तपकिरी पडले आणि तुटायला लागले. फायबर पुरवणारा म्हणतो, माल केमिकल रेझिस्टंट आहे, चूक तुमची. आता फायबर स्वतःच काढायचा विचार आहे. रसायनांना टिकणारा फायबर बनवायला कोणतं पॉलिमर घ्यावं आणि लाइन कशी उभी करावी?"

नवख्यांसाठी आधी एवढंच: प्रोसेस हाउस म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना, पीव्हीडीएफ हे फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिक, हॉलो फायबर म्हणजे त्याचा पोकळ, सच्छिद्र तंतू, आणि यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) मॉड्यूल म्हणजे सांडपाणी गाळणारी अशा तंतूंची जुडी. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, जुना फायबर का मेला. दुसरा, नवा कसा बनवायचा. पहिल्याचं उत्तर न शोधता दुसऱ्यावर पैसे घातलेत तर लाइन तुमची असेल आणि फायबर पुन्हा तपकिरीच पडेल. मी गेली बावीस वर्षं फायबर काढणं, ते पॉट करणं (जुडीची टोकं रेझिनमध्ये बसवणं) आणि परत आलेले मॉड्यूल करवतीने कापून पाहणं हेच करतोय. सगळ्यात जास्त मी शिकलो ते त्या शेवटच्या कामातून.

तपकिरी रंगापासून सुरू करतो, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. पीव्हीडीएफच्या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन आणि शेजारच्या कार्बनवर दोन फ्लोरीन, अशी रचना लांबवर चालू असते. आम्ल, क्लोरीन, बरीचशी तेलं यांना ही साखळी दाद देत नाही. पण कॉस्टिकला, म्हणजे कॉस्टिक सोड्याला, तिच्यात एक फट सापडते. तो हायड्रोजन ओढून घेतो, त्याच्याबरोबर शेजारचा फ्लोरीन सुटतो आणि साखळीत दुहेरी बंध तयार होतो. असे बंध ओळीने जमले की फायबर आधी पिवळसर, मग चहाच्या रंगाचा, शेवटी काळा दिसायला लागतो. रंग हा डाग नाही, ती साखळी बदलल्याची खूण आहे. तो सायट्रिक आम्लाने जात नाही. लोखंडाचा तांबूस थर सायट्रिकने निघून जातो, म्हणून ही चाचणी आधी करा: तपकिरी फायबरचा वीतभर तुकडा २ टक्के सायट्रिकमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी पांढरा झाला तर तुमची तक्रार लोखंडाविषयी आहे आणि माझं पुढचं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही. रंग तसाच राहिला आणि बोटांत वाकवल्यावर फायबर कट्कन मोडला, तर कॉस्टिकच.

आता तुम्ही म्हणाल, यूएफला येणाऱ्या पाण्याचा पीएच तर ८ आहे, ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रात, न्यूट्रल करूनच पाणी येतं. बरोबर आहे. म्हणून तर चार महिने टिकले. दिवसभर वाहणारं पाणी फायबरला क्वचित मारतं, त्याला मारते ती धुलाई. तुमच्या ग्राहकाकडे जा, सीआयपीच्या, म्हणजे मॉड्यूल जागच्या जागी धुण्याच्या, टाकीजवळ उभे राहा आणि ऑपरेटरला विचारा, कॉस्टिक किती टाकतोस? कागदावर 'पीएच ११' लिहिलेलं असेल. पीएच ११ म्हणजे हजार लिटर पाण्यात जेमतेम ४० ग्रॅम कॉस्टिक, मूठभर फ्लेक्स. प्रत्यक्षात तिथे प्लॅस्टिकचा मग असतो, आणि "दोन मग टाकतो साहेब, फ्लक्स नाही आला तर अजून एक." (फ्लक्स म्हणजे फायबरमधून पाणी निघण्याचा वेग.) हजार लिटरला ४ किलो गेले की पीएच १३, म्हणजे जे कागदावर लिहिलंय त्याच्या शंभरपट. १० किलो गेले की १ टक्का द्रावण. त्यात कापड कारखान्यात वाफ फुकट असल्यासारखी वापरतात, त्यामुळे सीआयपीचं पाणी ५०-६० अंशांवर असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की विक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब आहे, पण तो धरून चालावं. ३० अंशांवर जे वर्षात होईल ते ६० वर दीड महिन्यात.

कापड धंद्यातली आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फिनिशिंगला जे कॅटायनिक सॉफ्टनर वापरतात त्यातले कित्येक क्वाटर्नरी अमोनियम जातीचे असतात. त्याच जातीची रसायनं प्रयोगशाळेत पीव्हीडीएफवर कॉस्टिकची विक्रिया मुद्दाम घडवायची असेल तेव्हा घालतात, कारण ती कॉस्टिकला पॉलिमरपर्यंत पोचवतात. पाणचट कॉस्टिक एरवी पाणी झटकणाऱ्या पीव्हीडीएफच्या फार आत शिरत नाही, हे जोडीला आले की शिरतो. म्हणजे फायबरवर सॉफ्टनरचा थर बसलेला असताना गरम कॉस्टिकने धुणं, हे सगळ्यांत वाईट. तुमच्याकडे हेच झालं असं मी इथून ठामपणे सांगू शकत नाही, पण ग्राहकाने चौथ्या महिन्याच्या आसपास सॉफ्टनर बदलला होता का, हे विचाराच.

तेव्हा पुरवठादारही खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. 'केमिकल रेझिस्टंट' हे अर्धं वाक्य आहे. कशाला टिकणारं, किती प्रमाणात, किती तापमानाला, एकूण किती तास, हे चार शब्द जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आता बनवण्याकडे वळू. या धंद्यातली मूळ अडचण विचित्र आहे आणि ती समजली की पॉलिमरची निवड बरीचशी आपोआप होते. हॉलो फायबर काढायची सर्वांत सोपी आणि स्वस्त रीत म्हणजे पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये विरघळवा, नळीच्या आकारात पाण्यात सोडा, सॉल्व्हंट बाहेर जातो, पाणी आत येतं, पॉलिमर सच्छिद्र होऊन घट्ट बसतं. १९६० च्या सुमारास लोएब आणि सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात सेल्युलोज ॲसिटेटचं सपाट मेंब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, याच तत्त्वावर केलं, आजचे बहुतेक यूएफ फायबर त्याचेच वंशज. पण यासाठी पॉलिमर विरघळायला हवं. आणि जे विरघळतं ते, व्याख्येनेच, कुठल्या तरी रसायनाला टिकत नाही. जे कशालाच दाद देत नाही ते डोपच्या, म्हणजे पॉलिमरच्या द्रावणाच्या, टाकीतही विरघळणार नाही. टिकाऊपणा आणि बनवण्याची सोय एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत. टिकाऊ फायबर बनवण्याची सगळी कारागिरी या भांडणातून वाट काढण्याची आहे.

पहिली वाट सरळ आहे: असं पॉलिमर घ्यायचं जे फक्त अशा सॉल्व्हंटमध्ये विरघळतं जो तुमच्या पाण्यात कधी येणार नाही. पीव्हीडीएफ आणि पीईएस, म्हणजे पॉलिइथरसल्फोन, दोन्ही यात बसतात. दोन्ही एनएमपी, डीएमएसी, डीएमएफ अशा सॉल्व्हंटमध्ये विरघळतात. सांडपाण्यात हे किलोने येत नाहीत, औषध कारखान्याचं पाणी असेल तर मात्र येतात, तिथे दोन्ही बाद. पीईएस कॉस्टिकला पीव्हीडीएफपेक्षा कितीतरी चांगलं, पीएच १३ पर्यंत धुतलं तरी साखळी तुटत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला पाणी धरायला लावण्यासाठी त्यात पीव्हीपी नावाचं पाण्यात विरघळणारं पॉलिमर मिसळतात, आणि हायपो, म्हणजे धुलाईतलं सोडियम हायपोक्लोराइट, हे पीव्हीपी हळूहळू खातो. मजा अशी की सुरुवातीला फ्लक्स वाढतो, ऑपरेटर खूश होतो, आणि सहा महिन्यांनी मेंब्रेन पूर्वीपेक्षा लवकर घाण धरायला लागतं. शिवाय पीईएस जरा काचेसारखं, हवेच्या बुडबुड्यांनी सतत हलणाऱ्या बुडीत मॉड्यूलमध्ये ते दमतं. पीव्हीडीएफ हलणं सोसतं.

दुसरी वाट उष्णतेची. खोलीच्या तापमानाला जे द्रव पॉलिमरला विरघळवत नाहीत त्यातले काही दोनशे अंशांच्या आसपास विरघळवतात. गरम एकजीव मिश्रण नळीत सोडून थंड केलं की दोन्ही विभक्त होतात आणि द्रवाच्या जागी छिद्रं राहतात. याचं अमेरिकन पेटंट अँथनी कॅस्ट्रो यांच्या नावे १९८१ चं आहे. पीव्हीडीएफसुद्धा असं काढतात आणि ते पाण्यात जमवलेल्यापेक्षा बरंच मजबूत निघतं, कारण बोटासारख्या लांबट पोकळ्या न पडता अंग स्पंजासारखं भरतं. पण मजबूत म्हणजे कॉस्टिकला टिकाऊ नव्हे. पॉलिमर तेच, फट तीच. इथे बरेच जण फसतात: गरम पद्धतीचा महाग फायबर घेतात आणि धुलाई तीच ठेवतात. त्याच वाटेने ईसीटीएफई हे आणखी एक फ्लोरीनयुक्त पॉलिमर काढता येतं, ते वितळतं सुमारे २४० अंशांना आणि कॉस्टिकला पीव्हीडीएफपेक्षा खूपच सरस आहे. पण एक्स्ट्रूडर, गंजाला टिकणारा स्क्रू, गरम द्रवाची वाफ, काढलेला द्रव पुन्हा धुऊन घेणं, हे सगळं लघुउद्योगाच्या पहिल्या लाइनसाठी नाही.

तिसरी वाट ओढण्याची. पॉलिप्रॉपिलीन वितळवून नळी काढतात आणि नंतर ताणतात, ताणताना स्फटिकांच्या थरांमध्ये चिरा पडतात, त्याच छिद्रं. सॉल्व्हंट नाही, कॉस्टिकची चिंता नाही, आणि स्वस्त. मायक्रोफिल्ट्रेशनचे सुरुवातीचे फायबर पॉलिप्रॉपिलीनचेच होते. मग पीव्हीडीएफ का आलं? कारण पॉलिप्रॉपिलीनला क्लोरीन चालत नाही आणि पाणी शुद्धीकरणवाल्यांना क्लोरीनशिवाय चैन पडत नाही. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई ही याच वाटेची शेवटची पायरी. ते ३२७ अंशांना वितळतं, पण वितळूनही वाहत नाही, म्हणून भुकटीत हलकं तेल कालवून पेस्ट दाबून नळी काढतात, तेल उडवतात, ताणतात आणि भाजतात. रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये कळलं की गरम पीटीएफई हळू न ओढता झटक्यात ओढलं तर न तुटता कित्येक पट लांबतं आणि सच्छिद्र होतं. असा फायबर गरम कॉस्टिक, हायपो, सॉल्व्हंट सगळं सोसतो. पण पाण्याला इतका तिटकारा की आधी अल्कोहोलने भिजवावा लागतो किंवा त्याच्यावर कायमचा पाणी धरणारा लेप द्यावा लागतो, आणि तो लेप पुन्हा पीटीएफईइतका टिकाऊ नसतो. फिरून तिथेच.

चौथी वाट हुशारीची: विरघळणाऱ्या पॉलिमरचा फायबर काढायचा आणि नंतर त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधून टाकायच्या, म्हणजे ज्या सॉल्व्हंटमधून तो निघाला त्यातही परत विरघळू नये. पॉलिइमाइडला डायअमाइनने असं बांधतात. हे सॉल्व्हंट गाळणाऱ्यांचं काम. सांडपाण्यासाठी नको, अशा पॉलिइमाइडचं आणि कॉस्टिकचं वैरच असतं.

आतापर्यंतचं एका दमात: तुमच्या ग्राहकाला गरम कॉस्टिक वापरणं थांबवायचंच नसेल तर पीव्हीडीएफ नको, पीईएस बघा. हायपोवर भिस्त असेल तर पीव्हीडीएफ ठेवा आणि कॉस्टिक काढा. दोन्ही मनसोक्त वापरायचे असतील तर पीटीएफई नाहीतर सिरॅमिक, आणि दर ऐकून ग्राहक स्वतःच धुलाई सुधारेल.

एवढं ऐकूनही तुम्हाला लाइन उभी करायचीच असेल, तर पाण्यात जमवण्याच्या पद्धतीची करा. बाकी वाटा पहिल्या झटक्यात झेपणार नाहीत. डोप म्हणजे पीव्हीडीएफ सुमारे १८ टक्के, छिद्रं उघडण्यासाठी पीव्हीपी किंवा पीईजी थोडं, बाकी एनएमपी किंवा डीएमएसी. पॉलिमर आधी ओव्हनमध्ये वाळवा. जॅकेटच्या स्टीलच्या टाकीत ७० अंशांच्या आसपास सावकाश ढवळा, मग रात्रभर नुसतं ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. व्हॅक्यूमची घाई करू नका, सॉल्व्हंट उडून प्रमाण बिघडतं. डोपमधला एक बुडबुडा म्हणजे फायबरला एक भोक, आणि दहा हजार मीटरमध्ये ते कुठे आहे हे तुम्हाला मॉड्यूल पॉट झाल्यावरच कळतं. टाकीतून गिअर पंप, पंपानंतर बारीक जाळीचा फिल्टर, मग स्पिनरेट.

स्पिनरेट ही दिसायला क्षुल्लक वस्तू. बाहेरचं गोल भोक, मधोमध सुई, सुईतून आतला द्रव, भोवतीच्या वर्तुळातून डोप. सगळं आयुष्य त्या 'मधोमध' शब्दावर चालतं. सुई केसभर एका बाजूला सरकली की फायबरची एक भिंत जाड, दुसरी पातळ. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून माझ्या लाइनवर दर तासाला फायबरचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडतात आणि साध्या मायक्रोस्कोपखाली तोंड बघतात. ब्लेडने कापू नका, भिंत चेपते आणि तोंड खोटं बोलतं. मोडलेल्या तोंडावर भिंत चारही बाजूंनी सारखी आहे का, आणि बोटांसारख्या पोकळ्या किती खोल गेल्यात, एवढं दोन मिनिटांत कळतं. पोकळ्या आतून बाहेरपर्यंत आरपार असतील तर फायबर छान फ्लक्स देईल आणि लवकर फुटेल. तेव्हा आतल्या द्रवात पाण्याबरोबर सॉल्व्हंट वाढवा, म्हणजे आतली बाजू सावकाश जमते, किंवा डोप थोडी दाट करा. दोन्हींत फ्लक्स थोडा जातो. मी तो जाऊ देतो. परत आलेल्या मॉड्यूलमध्ये मला कमी फ्लक्सची तक्रार क्वचित दिसली, तुटक्या फायबरची नेहमी.

स्पिनरेट आणि पाण्याची टाकी यांच्यात जे हवेचं अंतर असतं, पाच-पंधरा सेंटिमीटरचं, ते आपल्याकडे पावसाळ्यात बदमाशी करतं. सुरुवातीच्या काळात आमची मार्च-एप्रिलची बॅच उत्तम यायची. जुलैत तीच डोप, तोच पंप, तेच पाणी, आणि फायबरची बाहेरची त्वचा सैल. महिनाभर आम्ही डोपला दोष दिला. शेवटी एका ऑपरेटरने सहज म्हटलं, "बाहेर पाऊस आहे ना, आत पण ओलसर वाटतंय." हवेतली आर्द्रता त्या अर्ध्या सेकंदात फायबरच्या अंगावर पाणी पोचवत होती आणि टाकीत शिरण्याआधीच बाहेरची बाजू जमायला लागत होती. तेव्हापासून ते अंतर ॲक्रिलिकच्या खोक्यात बंद आहे आणि आत कोरडी हवा ठरलेल्या प्रमाणात सोडतो. पुण्यात, कोकणात, कुठेही लाइन टाका, हे खोकं पहिल्या दिवसापासून करा.

आता तो हिशेब, जो लोक लाइन उभी झाल्यावर करतात. बाहेरून १.२ मिलिमीटर, आतून ०.७ मिलिमीटर असा फायबर धरा. एक चौरस मीटर मेंब्रेनसाठी असा फायबर सुमारे २६५ मीटर लागतो. त्यात पॉलिमर जेमतेम ७५-८० ग्रॅम. पण त्या ८० ग्रॅमबरोबर ३०० ग्रॅमहून जास्त सॉल्व्हंट आलेला असतो आणि तो सगळा पाण्यात जातो. महिन्याला १००० चौरस मीटर काढलंत तर तीनशेवर किलो सॉल्व्हंट. टाकीतल्या पाण्यात सॉल्व्हंट ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हटलं तर सहा हजार लिटरच्या वर सांडपाणी, आणि नंतरच्या धुलाईचं वेगळं. एनएमपी २०२ अंशांना उकळतो, म्हणजे तो परत मिळवायला आधी सगळं पाणी उडवावं लागतं. प्रदूषण मंडळाच्या परवानगीत हे लिहावं लागेल. जे सांडपाणी साफ करायला निघालात त्याच्यापेक्षा अवघड सांडपाणी तुमच्या शेडमध्ये तयार होतं, हे मी थट्टेने नाही सांगत. कामगारांचंही बघा. एनएमपी आणि डीएमएसी दोन्ही प्रजननाला घातक म्हणून धरलेत, युरोपात मे २०२० पासून एनएमपीच्या संपर्कावर कडक मर्यादा आहेत. आणि निळे नायट्राइलचे ग्लव्ह्ज इथे कामाचे नाहीत, सॉल्व्हंट त्यातून आरपार जातो. ब्यूटाइल रबरचे घ्या.

फायबर धुऊन, ग्लिसरीनमध्ये भिजवून, वाळवून बॉबिनवरून उतरला की लोकांना वाटतं काम झालं. माझ्या मते अवघड काम इथे सुरू होतं. टिकाऊपणा फायबरचा नसतो, मॉड्यूलचा असतो. फायबरची जुडी दोन्ही टोकांना ज्या रेझिनमध्ये बसवतात ते पॉटिंग, ओ-रिंग, हाउसिंग, यातलं जे सगळ्यांत दुबळं तेवढीच मॉड्यूलची ताकद. खूप वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणी मोठ्या अभिमानाने पीईएसचे मॉड्यूल दिले, कॉस्टिकचं काम म्हणून. आठ महिन्यांनी परत आले. कापले तर फायबर नवे असल्यासारखे पांढरे, आणि पॉटिंग खडूसारखं, नखाने निघत होतं. पॉलियुरेथेन वापरलं होतं, गरम कॉस्टिकने त्याचे बंध तोडले. चूक सर्वस्वी आमची होती, फायबरच्या चाचण्यांचे तक्ते भरले होते आणि रेझिन मात्र नेहमीचंच ओतलं होतं. अमाइनने पिकवलेलं इपॉक्सी कॉस्टिकला चांगलं, पण ॲसिटोन, डीएमएफ, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट यांत ते फुगतं. ओ-रिंगमध्येही हेच नाटक: व्हायटन या फ्लोरीनयुक्त रबराची ओ-रिंग महाग म्हणून चांगली असं समजून लोक घेतात, तीही पीव्हीडीएफच्याच कुळातली आणि गरम कॉस्टिकमध्ये कडक पडते. कॉस्टिकला ईपीडीएम रबराची बरी, पण तेल असेल तर ईपीडीएम फुगते. कापडाच्या पाण्यात खनिज तेल किती येतं हे तुमच्या ग्राहकावर अवलंबून.

इपॉक्सी ओतताना दोन गोष्टी. एकदम जाड थर ओतला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, मधले फायबर भाजतात, म्हणून दोन-तीन थरांत ओता. आणि रेझिन फायबरच्या बाजूने वर चढतं, त्याची कडा सुरीसारखी कडक होते, फायबर हलला की बरोबर त्या रेषेवर तुटतो. त्यावर मऊ रेझिनचा पातळ थर द्या. तुमचे तुटलेले फायबर नेमके कुठे तुटलेत, मधे की पॉटिंगच्या रेषेवर? रेषेवर तुटले असतील आणि मधला भाग अजून लवचीक असेल, तर कॉस्टिकवरचं माझं सगळं प्रवचन दुय्यम ठरतं.

तपासणीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मॉड्यूल पाण्याने भिजवून आत हवा भरतात, दाब धरून ठेवला की 'छिद्रांचा आकार बरोबर आहे' असं लिहितात. तसं नाही. १ बार दाबाला भिजलेल्या छिद्रातून हवा जायची तर ते सुमारे ३ मायक्रॉनचं असावं लागतं. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून हवा ढकलायला जवळपास २९ बार लागतील, तोवर फायबरच चेपेल किंवा फुटेल. म्हणजे ही चाचणी तुटलेला फायबर आणि पॉटिंगची गळती पकडते, एवढंच. ती रोज करा, पण तिच्याकडून नको ते अपेक्षू नका.

रसायनाची चाचणी मी अशी करतो. दहा-बारा फायबर अर्ध्या इंची पाइपच्या तुकड्यात, ज्या रेझिनने मोठं मॉड्यूल पॉट होणार त्याच रेझिनने पॉट करायचे. असे छोटे मॉड्यूल, प्रत्येक बाटलीतून दर आठवड्याला एक काढता येईल इतके. झाकणाच्या बाटल्यांत ग्राहकाची खरी सीआयपीची द्रावणं, एकात नुसतं पाणी, आणि एकात ऑपरेटरचा 'अजून एक मग'. एक संच खोलीच्या तापमानाला, एक ४० अंशांना, एक ६० ला. दर आठवड्याला प्रत्येकातला एक काढायचा, फ्लक्स बघायचा, हवेचा दाब धरून बघायचा, एक फायबर ओढून किती लांबतो ते मोजायचं. वजन आणि रंगही लिहा, पण निर्णय लांबण्यावर घ्या: नव्याच्या निम्म्याहून कमी लांबायला लागला की मी त्याला मेलेला समजतो. फायबर बाटलीत टाकण्यापूर्वी अल्कोहोलने भिजवायला विसरू नका. कोरड्या पीव्हीडीएफच्या छिद्रांत द्रावण शिरतच नाही आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो. धुलाई महिन्यातून दोनदा, दोन तासांची असेल तर वर्षाचे ४८ तास होतात. म्हणजे एक आठवडा सलग बुडवून ठेवणं हे साडेतीन वर्षांच्या धुलाईइतकं. या बाटल्या आणि सहा आठवडे यात तुमच्या लाइनच्या पहिल्या हप्त्यापेक्षा कमी पैसे जातील.

तेव्हा माझा सल्ला विचाराल तर लाइनचा विषय सहा आठवडे बाजूला ठेवा. ग्राहकाची धुलाई बदला: हायपो पीएच १० ते १०.५ च्या दरम्यान, तोही कॉस्टिकच्या मगाने नाही, डोसिंग पंपाने. खाली ७-८ ला हायपो पॉलिमरला जास्त जाळतो, आणि ११ च्या वर पीव्हीडीएफची फट उघडते, म्हणून ही अरुंद पट्टी. त्यानंतर स्वच्छ पाणी, मग वेगळी सायट्रिकची धुलाई. हायपो आणि आम्ल एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. पाणी ३५ अंशांच्या वर नको. सॉफ्टनरचा प्रवाह शक्य असेल तर यूएफच्या आधीच वेगळा काढा. कापसाचं तूस अडवायला बारीक जाळी बसवा, नाहीतर पीईएसचे आतून बाहेर गाळणारे फायबर घेतलेत तर तोंडाशीच बोळे बसतील. आणि दोन मॉड्यूल पीईएसचे विकत घेऊन त्याच लाइनवर शेजारी लावा. चार महिन्यांनी दोन्ही कापून बघा.

मग लाइन काढावीशी वाटली तर जरूर काढा, पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि भावनगरच्या सीएसएमसीआरआयमध्ये (मीठ व सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था) मेंब्रेनवर काम करणारी माणसं आहेत, आधी त्यांच्याशी बोला. इथे पुढे लिहिणार असाल तर तीन गोष्टी कळवा: सायट्रिकमधल्या तुकड्याचा रंग, फायबर तुटल्याची जागा, आणि त्या सीआयपी टाकीला वाफेची लाइन कोणी जोडून दिली ते.